डेसिबलचा आकडा

कारखान्यात तिला सगळे डेसिबल म्हणत. पाठीमागे म्हणत तसंच तोंडावरही म्हणत. "डेसिबलला दाखवलंस का?", "डेसिबलची सही झाली का?" सुरुवातीला तिला या नावाचा राग यायचा. पुढे राग येण्यासारख्या इतक्या गोष्टी निघाल्या की या एकीवर खर्च करायला तो उरला नाही.

कारखाना पंख्यांचा होता. छताला टांगायच्या नव्हे, तर कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, दवाखान्यातली यंत्रं असल्या खोक्यांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या पंख्यांचा. डेसिबलची जागा शांत खोलीत. या खोलीच्या भिंतींना, छताला, अगदी दाराच्या आतल्या बाजूलाही स्पंजचे लांब सुळके चिकटवलेले आणि पायाखाली जमिनीऐवजी ताणलेल्या तारांची जाळी. मधोमध पंखा टांगायचा, समोर माइक लावायचा, जाड दार ओढून घ्यायचं आणि पंखा किती डेसिबल ओरडतो ते मोजायचं. नवा माणूस या खोलीत थोडा वेळ उभा राहिला की त्याला स्वतःच्या छातीची धडधड ऐकू येते आणि तो काहीतरी निमित्त काढून बाहेर पळतो. डेसिबल मात्र दुपारचा डबा तिथेच खायची. खायला मनाई होती. पण तिला कोण सांगणार?

"इथे कुणी मूर्खासारखं बोलत नाही," ती म्हणायची.

रागावली की बाकीच्यांचा आवाज चढतो, हिचा उतरायचा. जितका राग जास्त, तितका आवाज खाली. ती पुटपुटायला लागली की समजायचं, आता कुणाची तरी धडगत नाही. पंखे बनवणारे इंजिनिअर तिच्या टेबलासमोर कान पुढे करून उभे राहत, आणि ती हळूच म्हणे, "परत घेऊन जा." एकदा एकाने विचारलं होतं, "फक्त दोन डेसिबलने तर चुकलाय, चालणार नाही का?" ती काय म्हणाली ते शेजारच्यालाही ऐकू आलं नाही. तो मात्र त्या दिवसापासून जिना बदलून जायचा.

या रागाची सुरुवात बरीच जुनी होती.

ती लहान असताना घरात गेम खेळायचा कन्सोल आला. आला तो दादासाठी. त्याला कंट्रोलर दोन. एक दादाच्या हातात आणि दुसरा दादाच्या जो कुठला मित्र त्या दिवशी घरी असेल त्याच्या. "बारके, तुझा नंबर येणारे," असं दादा दर थोड्या वेळाने न बघता म्हणे. नंबर काही यायचा नाही. टीव्हीचं टेबल कोपऱ्यात तिरकं लावलेलं होतं. पुढची जागा पोरांनी अडवलेली, म्हणून बारकी टेबलाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. तिला पडदा दिसायचा नाही. दिसायची ती कन्सोलची मागची बाजू. वायरी, फटी, आणि एक चिकटवलेली पट्टी. पट्टीवर बारीक अक्षरात व्होल्ट, अँपिअर, वॅट.

तिने ती पट्टी इतक्या वेळा वाचली की तिला ती पाठ झाली. फटींतून गरम हवा यायची. गेममध्ये मोठी मारामारी सुरू झाली की हवा आणखी तापायची आणि आतला पंखा घोंघावायला लागायचा. दादा हरला, पडद्यावर नुसती काळी पाटी आली की पंखा दमल्यासारखा खाली यायचा.

"दादा, मेलास ना?" ती मागून विचारायची.

"ए, तुला कसं कळलं? बघतेस का डोकावून?"

"नाही. पंखा सांगतो."

पुढे नवा कन्सोल येणार अशी बोंब उठली. दादा आणि त्याचे मित्र त्यात किती रंग असतील, गाड्या किती खऱ्या दिसतील यावर भांडत होते. बारकीने मनाशी फक्त एक आकडा ठरवला. मागच्या पट्टीवर किती वॅट असतील? कन्सोल घरी आला तेव्हा दादा पुढून खोकं फोडत होता आणि ती मागे बसून वाट बघत होती. तिचा आकडा अगदी थोडक्यात चुकला. त्या दिवशी तिला जेवायची शुद्ध नव्हती.

मोठी झाली, इंजिनिअर झाली, पंख्यांच्या कारखान्यात लागली, तरी हा नाद सुटला नाही. पुढच्या कन्सोलमध्ये काय असेल हे जगभर हजारो लोक सांगत असतात. ते सगळे पुढून सुरुवात करतात. चिप कुठली, चित्रं किती झकास. डेसिबल मागून सुरुवात करायची. भिंतीतून किती वीज ओढणार? जेवढी ओढणार तेवढ्या सगळ्याची शेवटी उष्णता होणार. ती बाहेर फेकायला किती मोठा पंखा लागणार? तो खोक्यात मावणार का? तो किती ओरडणार, आणि दिवाणखान्यात बसलेली माणसं ते किती सहन करणार? एवढं ठरलं की मगच चिप. कारण चिपला किती भरवता येईल हे उष्णता बाहेर काढायची सोय किती आहे त्यावर ठरतं.

आणि तिच्या प्रत्येक वाक्यात एक 'जर' असायचा. जर वीजपुरवठ्याचा भाग खोक्याच्या आतच ठेवला, तर इतके वॅट. जर खोकं मागच्यापेक्षा जाड केलं नाही, तर पंखा एवढाच. 'जर'शिवाय तिने कधी एकही आकडा सांगितला नाही. तिचं म्हणणं होतं की 'जर' काढला तर उरतो तो आकडा नसतो, ती थाप असते.

हे सगळं ती सांगायची कुणाला? दादाला. तिच्या आयुष्यात ते ऐकून घेणारा दुसरा माणूसच नव्हता, आणि याचाही तिला राग होता.

दादाने तोवर विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून व्हिडिओचं चॅनल काढलं होतं. गेमचं, कन्सोलचं. माणूस बोलघेवडा, चेहरा हसरा, त्यामुळे लोक बघायचे. वहिनी दातांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळायची आणि घरी आली की कॅमेरा सांभाळायची. मधल्या खोलीची एक भिंत जांभळी रंगवून त्यांनी तिथे स्टुडिओ केला होता. उरलेल्या तीन भिंती तशाच, ओल आलेल्या.

"बारके, नव्या कन्सोलवर काहीतरी दे ना," दादा महिनाभर मागे लागला होता. "पुढच्या वर्षी येणार म्हणतायत. सगळे बोलतायत, मीच गप्प."

तिने दिलं. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून सगळं बोलली आणि दादाने ते फोनवर रेकॉर्ड केलं. भिंतीतून ओढणार साधारण दोनशे तीस वॅट. पंखा एकशे पस्तीस मिलिमीटर रुंद, पंचेचाळीस जाड. पाती तेवीस. मेमरी चोवीस जीबी. आणि आवाज चौतीस डेसिबल.

"जर," ती म्हणाली, "त्यांना मागच्या वेळेसारखी लाज नको असेल, तर चौतीस. मागच्या कन्सोलच्या आवाजाला सगळं जग हसलं होतं. ती चूक कुणी दुसऱ्यांदा करणार नाही. हा 'जर' नीट सांग हं. माझं सगळं गणित त्यावर उभं आहे."

"सांगतो गं."

व्हिडिओ आला तेव्हा ती बसमध्ये होती. कानात इअरफोन घालून तिने तो लावला. दादा जांभळ्या भिंतीसमोर बसला होता आणि आवाज मुद्दाम खोल करून बोलत होता. "मित्रांनो, आज जे सांगतोय ते अंदाज नाहीत. आतल्या सूत्रांकडून आलेली पक्की माहिती आहे." मग सगळे आकडे एकापाठोपाठ एक. दोनशे तीस. एकशे पस्तीस. तेवीस पाती. चौतीस.

एकही 'जर' नव्हता. तण उपटावं तसे त्याने ते सगळे उपटून टाकले होते.

डेसिबलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथूनच फोन लावला.

"दादा."

त्याला तो आवाज ओळखीचा होता. "अगं, मोठ्याने बोल, ऐकू येत नाहीये."

"येतंय तुला. सूत्र कोण?"

"ते म्हणायची पद्धत असते गं. सगळेच म्हणतात. 'माझ्या बहिणीने स्वयंपाकघरात हिशेब केला' म्हटलं तर कोण बघेल?"

"आणि 'जर'?"

"'जर' घातले की माणूस घाबरलेला वाटतो, बारके. बघ तरी किती लोक आलेत. एवढे कधीच आले नव्हते!"

तिने फोन ठेवला. मागच्या सीटवरच्या बाईने उगीचच पर्स जवळ ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे तपासणी विभागाचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, कुणाशी वाकडं न घेता इतकी वर्षं काढलेले. त्यांच्या खोलीत आणखी एक जण बसला होता. त्याला सगळे कुलूप म्हणत. कुलूपही इंजिनिअर होता. तिसऱ्या मजल्यावर एक खोली कायम बंद असायची, खिडक्यांना कागद लावलेले, आणि तिची किल्ली याच्याकडे. तिथे कुठल्या गिऱ्हाइकाचं काम चाललंय हे कुणाला माहीत नव्हतं. त्या कामासाठी माणसं निवडली तेव्हा डेसिबलने आपलं नाव दिलं होतं. घेतलं नव्हतं. का, ते कुणी सांगितलंही नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर एक बाई होती, दूर कुठल्यातरी शहरातून बोलणारी. गिऱ्हाइकाची वकील.

"हे चॅनल तुमच्या भावाचं?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

"हो."

"हे आकडे तुम्ही दिलेत?"

"हो. माझा अंदाज आहे."

बाई हसल्या नाहीत. "एकशे पस्तीस रुंद, पंचेचाळीस जाड. समजा, हा अंदाज. पण तेवीस पाती? पात्यांची संख्या कुणी अंदाजाने सांगतं का?"

"त्या आकाराच्या पंख्यात वीस ते पंचवीस पाती बसतात," डेसिबल म्हणाली. "त्यातला आकडा असा लागतो की त्याला कशानेच भाग जाणार नाही. नाहीतर पात्यांचे आवाज एकमेकांत मिसळून एकच शिट्टी वाजते. एकवीसला भाग जातो. पंचवीसला जातो. उरतात तेवीस. यात चोरण्यासारखं काय आहे? भागाकार आहे."

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यातून तिला कळलं. तिसरा मजला. कागद लावलेल्या खिडक्या. हा पंखा इथेच बनतोय. तिच्या डोक्यावर, दोन जिने वर. आयुष्यभर ज्या यंत्राच्या मागे बसून तिने हवा मोजली, त्याचा पंखा तिच्याच कारखान्यात चालला होता. तिला त्याच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतं, आणि आता तो चोरल्याचा आळ तिच्यावर.

"तुम्ही तो बनवताय," ती म्हणाली. इतक्या हळू, की पडद्यावरच्या बाईंनी "काय?" असं विचारलं.

"काही नाही," साहेब घाईने म्हणाले. "हे बघ, त्रागा करू नकोस. तू वर कुणाकडून कागद पाहिलास का एवढंच सांग."

"मी कागद पाहिला असता तर तुमच्याकडे आले असते, साहेब. दादाकडे नाही."

"यांनी काही आकडे मुद्दाम बदललेत," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या. "माग लागू नये म्हणून. वीज आणि आवाज जुळत नाहीत."

"बदलायचे असते तर पाती बदलली असती ना! ज्यावर पकडली जाईन तो आकडा तसाच ठेवीन आणि बाकीचे बदलीन? चोराला तरी थोडी अक्कल असते."

इथे कुलूप हसला. इतका वेळ गप्प बसलेला माणूस एकदम खो-खो हसायला लागला.

"तुला काय झालं?" साहेब म्हणाले.

"अहो साहेब, हिने गेल्या वर्षी माझा छत्तीस डेसिबलचा पंखा परत पाठवला होता. छत्तीस! हिच्या हातात आपला कागद पडला असता, त्यावर त्रेचाळीस वाचलं असतं, तर ही गुपचूप भावाकडे गेली असती? दार फोडून वर आली असती. माझी मान धरली असती. सगळ्या कारखान्याला कळलं असतं. अहो, म्हणून तर हिला घेतलं नाही ना आपण या कामावर!"

साहेबांच्या हातातला पेपरवेट थांबला.

"तो आकडा इथे बोलायचा नव्हता," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

त्रेचाळीस. मागच्या कन्सोलपेक्षाही जास्त. म्हणजे वीज वाढवली, तोच पंखा जोरात पळवला, आणि माणसांच्या कानांचं काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं. आपलं गणित चुकलं याचं दुःख तिला झालं की नाही, कोण जाणे. त्याच्या आधीच संताप येऊन बसला होता.

"म्हणून घेतलं नाही," ती म्हणाली. "मी 'नाही' म्हटलं असतं म्हणून."

"अगं, गिऱ्हाइकाला तेच हवं होतं," साहेब कसनुसं म्हणाले. "तू अडून बसली असतीस."

"अडून बसणं हेच माझं काम आहे, साहेब. त्याचाच पगार देता ना?"

साहेब पुन्हा पेपरवेट फिरवायला लागले. पडद्यावरच्या बाईंकडे मात्र अट होती. तिने काही चोरलं नाही हे त्या मानायला तयार होत्या. पण चॅनलवर 'आतलं सूत्र' असं म्हटलेलं आहे, आणि ते तसंच राहिलं तर त्यांची कंपनी या कारखान्याला काम देणार नाही. तिच्या भावाने लोकांसमोर सांगायला हवं की आतलं कुणीच नाही. तोवर ती कामावर येणार नाही. सांगितलंच नाही, तर मुळीच येणार नाही. आणि आता जो आकडा तिने ऐकला, तो बाहेर गेला तर ती खरोखरच चोर ठरेल. तशी सहीही घेतली.

म्हणजे बघा. खोली सोडून जाताना तिच्याकडे आयुष्यातलं पहिलं खरंखुरं गुपित होतं, आणि ते तिला त्यांनीच दिलं होतं.

कार्ड काढून घेतल्यावर ती घरी गेली नाही. सरळ दादाकडे गेली. संध्याकाळ होती. दार वहिनीने उघडलं. एका हातात कॅमेऱ्याचा स्टँड, खांद्यावर टॉवेल.

"बरं झालं आलीस. याला सांग, थेट प्रक्षेपणाच्या आधी कांदा खाऊ नकोस म्हणून. मला कॅमेऱ्यामागे वास येतो."

मग तिने नणंदेचा चेहरा पाहिला आणि स्टँड भिंतीला टेकवला. "काय झालं?"

डेसिबलने सांगितलं. जांभळ्या भिंतीसमोर केस विंचरत असलेल्या दादानेही ऐकलं.

"मग आज सांग," डेसिबल म्हणाली. "आत्ता. सूत्र नाही, म्हणून."

"आज?" दादाचा कंगवा हवेतच राहिला. "बारके, आज कसं? आज सगळे त्याच्यासाठीच येणार आहेत. मी खोटं बोललो म्हटलं की संपलंच ना. कन्सोल बाजारात येऊ दे. तेव्हा सांगतो. शपथ."

"तोवर माझी नोकरी?"

"अगं, तुझ्यासारखीला कुणीही घेईल. माझं मात्र हे एकच आहे."

"तुझा नंबर येणारे, असंच ना?"

"आता हे मध्येच काय?"

"काही नाही. तू लहानपणापासून हेच म्हणतोस."

"तू ना, जुनं उकरून काढतेस! मी काय वाईट केलं तुझं? तुझे आकडे एवढ्या लोकांपर्यंत पोहोचवले. तू एकटी बसली असतीस त्या स्पंजच्या खोलीत."

"पोहोचवलेस ते माझे नव्हतेच. माझ्यात 'जर' होते."

"पुन्हा 'जर'!" दादा ओरडला. "'जर' खाऊन पोट भरतं का?"

वहिनी इतका वेळ कॅमेरा पुसत होती. ती शांतपणे म्हणाली, "ओरडू नकोस. सुरू झालंय."

"काय सुरू झालंय?"

"थेट प्रक्षेपण. वेळ झाली होती, मी चालू केलं." तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "लोक बघतायत. 'जर' खाऊन पोट भरतं का, हे पण ऐकलं त्यांनी."

दादाचा चेहरा जांभळ्या भिंतीहून गडद झाला. वहिनीने हे मुद्दाम केलं की चुकून, ते तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. डेसिबलने एक खुर्ची ओढली आणि दादाच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसली. ती आजवर नेहमी मागेच बसलेली. समोरचा दिवा डोळ्यांत घुसत होता.

"मी याची बहीण," ती म्हणाली.

"माइक जवळ घे," वहिनी कुजबुजली. "कुणाला ऐकू येत नाहीये."

"येईल. कान द्या म्हणावं." तिने माइक हलवलाही नाही. "आतलं सूत्र वगैरे कुणी नाही. कधीच नव्हतं. ते आकडे मी स्वयंपाकघरात बसून काढले. हिशेब करून. प्रत्येक आकड्याला एक 'जर' होता. तो याने कापला. कारण तुम्हाला चोरी आवडते. हिशेब म्हटलं की तुम्ही दुसरं चॅनल लावता. खरंय की नाही?"

पडद्याच्या कडेला अक्षरं भराभर धावत होती. कुणी हसत होतं, कुणी दादाला शिव्या घालत होतं, कुणी विचारत होतं की ही नाटकातली बहीण आहे का. मग एक प्रश्न आला आणि त्यामागून तोच प्रश्न अनेकांनी विचारला. दादाने तो वाचला. धंद्याचा माणूस, नाक कापलं गेलं तरी बातमीचा वास सुटेना.

"लोक विचारतायत, आवाजाचा आकडा चौतीस. तो पक्का का?" तो तिच्याकडे वळला. डोळे बारीक झाले होते. "आज तुला ऑफिसात बोलावलं होतं ना? काही नवीन कळलं का?"

डेसिबलला त्रेचाळीस माहीत होते. आयुष्यात तिने चुकलेला आकडा कधी तसाच सोडला नव्हता. चूक दिसली की ती आधी स्वतः सांगायची. पण आज चूक सुधारली असती, तर आत्ताच जे लोकांसमोर नाकारलं ते खरं झालं असतं. आणि 'हो, पक्का' म्हटलं असतं, तर ती दादा झाली असती.

"जर," ती म्हणाली, आणि थांबली. "जर त्यांना लोकांच्या कानांची चाड असेल, तर चौतीस."

"आणि नसेल तर?"

"तर मला विचारू नकोस. त्यांना विचार." ती उठली. "यापुढे मी या कन्सोलबद्दल एक शब्द बोलणार नाही. कार्यक्रम संपला. कांदा खाऊन बसलाय हा, मी चालले."

ती दोन दिवसांनी कामावर परत गेली. साहेबांनी कार्ड स्वतः हातात दिलं आणि "झालं गेलं विसरून जा" म्हणाले. ती विसरली नाही. दादाशी बोलणं बंद झालं. चॅनल बुडेल असं दादाला वाटलं होतं. बुडालं कुठलं? भावाबहिणीच्या भांडणाचा तो तुकडा लोकांनी इतका फिरवला की त्याचे प्रेक्षक आणखी वाढले. याचा डेसिबलला जो राग आला, तो मोजायला त्या शांत खोलीतलं यंत्रही पुरलं नसतं.

मग कन्सोल बाजारात आला. पंखा एकशे पस्तीस, पंचेचाळीस, तेवीस पाती. वीज तिच्या आकड्याहून बरीच वर. मेमरी बत्तीस. आणि आवाज असा, की पुढच्या खोलीत झोपलेला माणूस उठावा. लोकांना तिचे बरोबर आलेले आकडे आठवले नाहीत. 'चौतीसवाली बाई' म्हणून तिची टर उडवणारी चित्रं फिरायला लागली. 'जर' त्याही वेळी कुणालाच ऐकू गेला नव्हता. दादानेही एक व्हिडिओ केला, 'माझ्या बहिणीचं कुठे चुकलं'. वहिनीने डेसिबलला फक्त एवढंच कळवलं, "मी कॅमेरा धरला नाही. त्याने पुस्तकांच्या गठ्ठ्यावर फोन ठेवून केलाय. अर्धा चेहराच दिसतो."

तक्रारींचा ढीग पडला तेव्हा गिऱ्हाइकाला शांत खोली आठवली. कुलूप एक दिवस कन्सोल बगलेत मारून खाली आला. साहेबांचा निरोप होता की या कामावर आता तिला घ्यायचं ठरलंय.

"आता?" ती म्हणाली.

"मला नको बोलूस. मी हमाल आहे." त्याने कन्सोल जाळीवर ठेवला. "हा तापवायला कुणीतरी गेम खेळायला हवा. भारीतला. बाहेर पडदा लावतो." त्याने खिशातून कंट्रोलर काढून पुढे केला. "तू खेळ. मी मोजतो. तुझा हक्क आहे."

तिने कंट्रोलरकडे पाहिलं. काळा, गुळगुळीत, बोटांच्या आकाराचे खळगे असलेला. हातात घेतला, वजन पाहिलं आणि परत दिला.

"तूच खेळ. मला कुठे बसायचं ते माहितीये."

ती आत गेली, कन्सोल फिरवला आणि त्याच्या मागे, जाळीवर मांडी घालून बसली. आधी पट्टी वाचली, अक्षर न् अक्षर. मग दार ओढलं गेलं. बाहेर कुलूप खेळायला लागला. गरम हवा तिच्या गुडघ्यांवर आली. पंखा उठला, चढला, आणखी चढला, आणि त्या खोलीत, जिथे माणसाला स्वतःची धडधड ऐकू येते, तिथे तिला दुसरं काहीच ऐकू येईना. यंत्रावर त्रेचाळीस आले. मग चव्वेचाळीस. हे असलं दिवाणखान्यात ठेवायला निघाले होते.

मग एकदम पंखा खाली आला.

तिने आतल्या माइकचं बटण दाबलं. "मेलास ना?"

"हो," बाहेरून कुलूपचा आवाज आला. "तुला कसं कळलं?"

"पुन्हा लाव. आणि या वेळी लवकर मरू नकोस. मला हे त्या गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत ऐकवायचंय."

ती हे इतक्या हळू म्हणाली की कुलूपने निमूटपणे कंट्रोलर उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.